बापूसाहेबांचा नंबर

बापूसाहेबांनी चेंडू मांडला, मागे सरून पाहिलं आणि पुन्हा उचलला. खिशातला रुमाल काढून पुसला. परत मांडला. मग काठी हवेत फिरवून पाहिली, एकदा, दोनदा. आता मारतील म्हणून जोतीरामाने श्वास रोखला, तर ते काठी टेकवून उभे राहिले.

"जोतीराम, वारं कुठनं हाय?"

"वारंच न्हाय, साहेब. मारा."

"असं कसं? झेंडा हालतोय की."

लांबवरचा झेंडा काठीला चिकटून निवांत पडला होता. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी झेंड्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाठीमागच्या बाकावर पुण्याहून आलेले चौघे जण बूट घालून तयार होते. त्यांच्यातल्या उंच गृहस्थाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग जोतीरामाच्या टोपीकडे. टोपीवर 'मार्शल' असं लिहिलेलं होतं. मैदानावर कुणी रेंगाळू नये, एकामुळे दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये, एवढंच बघायचा जोतीरामाला पगार मिळत होता.

गोल्फ हा काय प्रकार आहे, हे लासुर्णे गावच्या चहाच्या टपरीवर अजूनही कुणाला धड सांगता येत नाही. चेंडू मारायचा, त्याच्या मागे चालत जायचं, परत मारायचा आणि झेंड्याखालच्या भोकात, म्हणजे होलमध्ये, पडला की पुढच्या झेंड्याकडे निघायचं. असे नऊ झेंडे. कामधंदा असलेल्या माणसाने हे का करावं, ते करणाऱ्यालाच ठाऊक. पण त्यात एक मेख आहे. पुढचा माणूस चालायला लागल्याशिवाय मागच्याला चेंडू मारता येत नाही, नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटायचं. म्हणून पुढचा एक जण रमला की मागची सगळी रांग उन्हात उभी. नऊ झेंडे सव्वादोन तासांत व्हावेत असा क्लबचा नियम होता. बापूसाहेबांना चार तास लागत.

पूर्वी असं नव्हतं. क्लबने गावाबाहेरचा माळ घेतला तेव्हा बापूसाहेबांचंही रान त्यात गेलं. रानाच्या मोबदल्यासोबत तहहयात मेंबरशिप मिळाली. बाकीच्या जमीनवाल्यांनी त्या कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बापूसाहेब मात्र आयुष्यभर साखर कारखान्याच्या ऊसयार्डात अधिकारी राहिलेले, हक्काची गोष्ट सोडणाऱ्यातले नव्हते. साठी उलटल्यावर त्यांनी काठी हातात धरली, गावाने हसून घेतलं, आणि वर्षभरात ते बऱ्यापैकी खेळायला लागले. तेव्हा ते झपाझप चालत. दोन वर्षांमागे डाव्या अंगावरून वारं गेलं. त्याच साली बायको गेली. मुलगा पुण्यात. डॉक्टर म्हणाले, चालत राहा. तेव्हापासून पाय ओढत का होईना, ते मैदानावर येत होते. "हितं चालतो म्हणून चार घास जातात," असं ते जोतीरामाला एकदा म्हणाले होते आणि तो विषय तिथेच संपला होता.

खरी अडचण शनिवारी संध्याकाळी उभी राहिली. मॅनेजर राजलक्ष्मी मॅडमनी जोतीरामाला ऑफिसात बोलावलं. मॅडम बारामतीच्याच, बाहेर मोठ्या हॉटेलांत नोकऱ्या करून परत आलेल्या. माणूस म्हणून बऱ्या होत्या.

"काका, उद्या रविवार. पुण्याचे आठ ग्रुप येणार आहेत. बापूसाहेबांचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी? खेळतील की."

"मागच्या रविवारी त्यांच्यामागे सगळे अडकले. काही जण अर्ध्यातून खेळ टाकून निघून गेले. कमिटीने मला स्पष्ट सांगितलंय, आणखी एकदा असं झालं तर त्यांना मैदानावर सोडायचं नाही. सरावाच्या हिरवळीवर हवं तेवढं बसू देत."

"मॅडम, रान त्यांचं हाय वो."

"होतं, काका. मलाही बरं वाटत नाही. पण मला सगळ्यांचंच बघावं लागतं ना."

त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच जोतीरामाला जास्त वाईट वाटलं.

जोतीरामाच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं होती. त्याच्या लहानपणी पावसाळा संपला की बिऱ्हाड घोड्यावर घालून कोकणात उतरायचं आणि पुढे परत फिरायचं. परतताना बापूसाहेबांच्या माळावर मुक्काम ठरलेला. मेंढरं रानात बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला, आणि बदल्यात धान्य बिऱ्हाडाला. आता मेंढरं विकून वीस वर्षं होत आली, पण माणसाचं डोकं काही विकलं जात नाही. कळपातली म्हातारी, लंगडी मेंढरं काय करायची, हे जोतीरामाला पक्कं माहीत होतं. त्यांना मारून हाकायचं नाही आणि त्यांच्यासाठी कळपही थांबवायचा नाही. बाकीचा कळप उठायच्या आधी त्यांना वाटेला लावायचं. ती आपल्या चालीने चालत राहतात. कळप मागून येतो, त्यांना गाठतो, ओलांडून पुढे जातो, आणि मुक्कामाला सगळी मिळूनच पोचतात. कुणाचा खोळंबा नाही आणि कुणाचे हालही नाहीत.

तेव्हा रविवारी बापूसाहेबांना सगळ्यांच्या आधी सोडायचं, असं त्याने ठरवलं. त्याच संध्याकाळी वाकडी वाट करून तो त्यांच्या घरी गेला. आता खरं कारण तोंडावर कसं सांगणार? म्हणून तो नुसतं म्हणाला, "साहेब, उद्या तुमचा पयला नंबर लावलाय. लवकर या."

बापूसाहेबांचा चेहरा असा काही उजळला की जोतीरामाला तिथेच चुकल्यासारखं झालं. पण बोलून बसला होता.

सकाळी बापूसाहेब सगळ्यांच्या आधी हजर झाले. कडक इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, दाढी केलेली. पण मग चहा झाला, बुटाचे बंद झाले, माळ्याची विचारपूस झाली, आणि त्यांना आधी सोडायचं म्हणून राखलेला अर्धा तास त्यातच संपला. तोवर पुण्याच्या गाड्या फाटकातून आत यायला लागल्या होत्या.

अखेर वाऱ्याचं समाधान झालं आणि बापूसाहेबांनी चेंडू मारला. बऱ्यापैकी सरळ गेला. जोतीराम त्यांची पिशवी खांद्याला लावून सोबत निघाला. तसं करणं मार्शलचं काम नव्हतं.

पहिला होल झाला, दुसरा झाला. प्रत्येक झेंड्यापाशी बापूसाहेब गुडघ्यावर हात टेकवून वाकत आणि जमिनीचा उतार बघत. तिसऱ्या होलला चेंडू गवतात गेला तो सापडेना. जोतीरामाने खिशातला दुसरा पुढे केला, तर म्हणाले, "आपला असताना दुसऱ्याचा कशाला?" मागे पुण्याचे चौघे काठ्यांवर रेलून उभे होते. त्यांच्या मागे आणखी चौघे. त्यांच्याही मागे टोप्याच टोप्या दिसायला लागल्या. जोतीरामाच्या कमरेचा वॉकीटॉकी बोलला.

"काका, काय झालंय तिकडे? सगळे तक्रार करतायत."

"व्हय मॅडम. बगतो."

चौथ्या होलच्या सुरुवातीला एक कडुनिंब होता. एकेकाळी बापूसाहेबांच्याच बांधावरचा. तिथे जोतीरामाने पिशवी खाली ठेवली आणि घसा खाकरला.

"साहेब, ह्या मागच्यांना जरा फुडं जाऊ द्यायचं का?"

बापूसाहेबांना काही कळलंच नाही. "का?"

"त्यास्नी घाई हाय."

"घाई कुणाला नसती? पयला नंबर कुणाचा हाय?"

"तुमचा."

"कुणी लावला?"

"म्याच लावला."

"मग नंबर म्हंजे नंबर. त्यांनी यावं नंबरानं."

जोतीरामाने कपाळाला हात लावला. आपण काय करून ठेवलंय ते त्याला तेव्हा उमगलं. बापूसाहेबांनी तीस गळीत हंगाम यार्डात काढले होते. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांच्या मैलभर रांगा लागायच्या, शेतकरी ट्रॉलीखालीच झोपायचे, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले बापूसाहेब एकेका वाहनाला हाताने खुणावून वजनकाट्यावर घ्यायचे. रांग मोडून एक चाकही पुढे सरकू दिलं नाही त्यांनी. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या खिशातच राहिल्या. एका हंगामात सख्ख्या जावयाने ट्रॅक्टर मधून घुसवला तर त्याला सगळ्यांदेखत शेवटी धाडलं होतं. जावई त्या वर्षी दिवाळसणाला आला नाही. अशा माणसाला पहिला नंबर देऊन, वर आता लोकांना पुढे जाऊ दे म्हणायचं! मेंढराला नंबर कळत नाही, म्हणून ते बाजूला होतं. एवढी साधी गोष्ट जोतीरामाच्या ध्यानात आली नव्हती.

मागून उंच गृहस्थाने हाक मारली, "मार्शल, व्हॉट इज द प्रॉब्लेम?"

आता गप्प राहण्यात काही राम नव्हता. आज खोळंबा झाला तर उद्यापासून हा म्हातारा फाटकातून आत येऊन सरावाच्या हिरवळीवर बसणार, आणि तिथे तो बसणार नाही, घरीच बसणार, आणि मग जेवणही जाणार नाही. हे जोतीरामाला स्वच्छ दिसत होतं.

"साहेब, खरं सांगू का? राग मानू नका."

"बोल."

"तुमची चाल कमी झालीय. मागल्या ऐतवारी लोक अडकली. आज बी तसंच झालं, तर कमिटी तुमचं खेळणं बंद करणार हाय. म्हणून म्या तुमास्नी आदी सोडलं. आमी मेंढरात म्हाताऱ्या जित्राबाला असंच आदी सोडतो. मागनं कळप येतो आन फुडं निघून जातो. मला वाटलं, तुमीबी वाट द्याल."

बापूसाहेब त्याच्याकडे वळले.

"म्हंजे पयला नंबर मानाचा नव्हता?"

"न्हाय, साहेब."

"मला मेंढरू केलंस."

"चुकलं माझं."

जोतीरामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी याच कडुनिंबाखाली ह्या माणसाच्या बायकोने त्याला पितळीत गूळ-भाकरी वाढली होती, आणि आज त्याच जागी त्याने त्यांना म्हातारं जनावर म्हटलं होतं. मागे कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. बापूसाहेबांनी काठी जमिनीत रोवली. मग तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते रांगेकडे वळले आणि पहिल्यांदाच त्यांनी मागे नीट पाहिलं. माणसं जिथे जागा मिळेल तिथे उभी होती. दोघे-तिघे गवतावरच बसले होते.

"किती येळ उभी हायत ही?"

"पयल्या होलपास्नं."

"कुणी सांगितलं न्हाय मला."

"कोण सांगणार, साहेब?"

बापूसाहेबांनी रोवलेली काठी उपटली. "यार्डात ट्रॉलीचा अ‍ॅक्सल मोडला तर काय करायचो म्हायतीय?"

"न्हाय."

"तिला रांगेतनं बाजूला वढून घ्यायचो. मागच्यांनी काय पाप केलंय? ती दुरुस्त झाली, की परत तिचाच नंबर." त्यांनी डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "माझा अ‍ॅक्सल मोडलाय म्हण. मेंढरू म्हणू नगंस."

"न्हाय म्हणत."

"पिशवी घे हिकडं."

ते कडुनिंबाखाली सरकले. तिथून त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटं आत वळवून पुण्याच्या चौघांना खुणावलं. ती खूण जोतीरामाने पूर्वी पाहिलेली होती. उसाच्या ट्रॉलीला काट्यावर घेताना बापूसाहेब ती करत. चौघे लगबगीने पुढे आले. उंच गृहस्थाने टोपी काढली. "थँक यू, अंकल."

"हां, हां. मारा अन् निघा. दुसऱ्यांनी तितंच थांबा. ह्यांचं झाल्याशिवाय यायचं न्हाय!"

त्या आवाजाने मागचे चौघे खरोखरच जागच्या जागी थांबले. मग त्यांचा नंबर आला. मग तिसऱ्यांचा. मधेच एक तरुण आगाऊपणा करून कडेने पुढे सरकायला लागला, तर बापूसाहेबांनी नुसता तळवा दाखवून त्याला मागे लावलं. एकदा तर त्यांचा हात गळ्यापाशी शिट्टी चाचपायला गेला आणि रिकामाच खाली आला. ते जोतीरामाने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

राजलक्ष्मी मॅडम बॅटरीच्या गाडीतून घाईघाईने आल्या. चेहऱ्यावरूनच कळत होतं की काहीतरी अप्रिय बोलायचं ठरवून आल्यात. पण रांग भराभर सरकत होती. त्या गाडीतच बसून राहिल्या. शेवटचा ग्रुप पुढे गेला तेव्हा त्यांनी जोतीरामाला जवळ बोलावलं.

"असंच वाट देणार असतील तर प्रश्नच नाही, काका. कमिटीला मी सांगते. खेळू देत त्यांना."

जोतीरामाचा जीव भांड्यात पडला. तो आनंदाने बापूसाहेबांकडे आला.

"चला साहेब. आता तुमचाच नंबर."

बापूसाहेब कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसले होते. त्यांनी मैदानाच्या पार टोकापर्यंत पाहिलं. टोप्या लांब लांब गेल्या होत्या.

"ट्रॉलीचं बरं असतं रं. लोहार बोलवायचा, अ‍ॅक्सल बसवायचा. ह्या पायाचा अ‍ॅक्सल आता कोण बसवणार?"

जोतीरामाने हात पुढे केला आणि बापूसाहेब त्याला धरून उठले. उरलेले होल त्यांनी सावकाश खेळून काढले. मॅडमची गाडी कधीच निघून गेली होती. दुपारची उन्हं झाली तरी वॉकीटॉकी एकदाही बोलला नाही.

त्यानंतर बापूसाहेब रविवारी यायचे, पण नंबर सांगायचे नाहीत. पहिल्या होलजवळच्या बाकावर बसायचे. कुणी आलं की, "तुमी व्हा फुडं," म्हणायचे. सगळे गेले, मागे कुणी उरलं नाही, हे पाहून मगच चेंडू मांडायचे. मेंबर लोकांना ते फार आवडायला लागलं. एकाने तर क्लबच्या गप्पांत त्यांच्या सज्जनपणाची तोंडभरून स्तुती केली. जोतीराम तिथेच उभा होता. त्याला ती स्तुती ऐकवली नाही.

मार्गशीर्षात गळीत हंगाम भरात आला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, ट्रॅक्टरवरची गाणी मैदानापर्यंत ऐकू येत होती. बुधवारचा दिवस होता आणि मैदानावर चिटपाखरू नव्हतं. बापूसाहेब बाकावर बसले होते. जोतीराम त्यांच्याजवळ आला.

"साहेब, मारा की. आज कुणीच न्हाय."

"येईल कुणीतरी."

"आज कुणाचं बुकिंगच न्हाय."

"तरीबी. थांबू जरा. आलंच कुणी तर त्याला वाट लागंल." त्यांनी स्वेटरची गुंडी लावली. "मी म्होरं लागलो आन मागं कुणी आलं, तर मला कळत न्हाय. त्या दिवशी कळलं न्हाय."

जोतीराम त्यांच्या शेजारी बसला. मग उठून फाटकापर्यंत जाऊन आला. खरोखर कुणी येणार नव्हतं. ऊन चढत चाललं होतं आणि बापूसाहेब हात मांडीवर ठेवून फाटकाकडे बघत बसले होते. आपण ह्या माणसाचं खेळणं राखलं आणि दुसरंच काहीतरी त्याच्याकडून काढून घेतलं, असं जोतीरामाला वाटलं.

त्याने बापूसाहेबांच्या पिशवीतून एक काठी उपसली. सहा वर्षं तो या मैदानावर राबत होता, पण चेंडू कधी मारला नव्हता. नोकरमाणसांना ती परवानगीच नव्हती. त्याने चेंडू मांडला, काठी दोन्ही हातांनी कुऱ्हाडीसारखी धरली आणि ओढली. मातीचं ढेकूळ उडालं. चेंडू गडगडत कसाबसा कडेच्या गवतापर्यंत गेला.

बापूसाहेब बाकावरून बघत होते. "हे काय?"

"म्या गेलो फुडं."

"तू?"

"व्हय. आता माझ्या मागं तुमीच हाय. दुसरं कुणी न्हाय."

बापूसाहेबांनी गवतातल्या चेंडूकडे पाहिलं. मग जोतीरामाकडे. मग बाकाची कड धरून ते हळूहळू उभे राहिले, काठी घेतली आणि पाय ओढत पुढे आले.

"मग मधी कशाला उभा हायस?" ते म्हणाले. "नंबर आलाय माझा."

जोतीरामाने गवतातला आपला चेंडू उचलला आणि तो बाजूला झाला.